कागदाचं रॉकेट करणारे काका

“काऊन हो बाबू, कागदाचं रॉकेट उडते का? लोकं हसतीन ना तुमाले!” खामगावच्या वाचनालयात एका वाचकानं तिथल्या कारकुनांना डिवचलं.

“उडवाचं नाही, मोजून बनवाचं हाय,” ते मान वर न करता म्हणाले.

पुस्तकं बांधायच्या, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या खळीनं ते माणसांना चंद्रावर नेणाऱ्या रॉकेटची कागदी प्रतिकृती चिकटवत होते. नळी सूतभर वाकडी झाली म्हणून त्यांनी ती दोनदा फाडली होती. उद्या वाचनालयात प्रदर्शन होतं. वर्तमानपत्रातल्या फोटोत एकच बाजू दिसे. मागचे काळे पट्टे त्यांनी अंदाजानं रंगवले होते. मी पलीकडे वाचत बसले होते; माझ्या घरच्या इंग्रजी मासिकात ते पट्टे वेगळे होते. सांगितलं तर ते पुन्हा फाडतील, हे मला ठाऊक होतं. तरी मी त्यांच्या टेबलापाशी गेले.

“काका, मागचे पट्टे चुकलेत. मी मासिक आणते. येताना माझी कात्रीही आणते.”