गोलकीपर सना आणि आम्ही तिघं

शाळेत काउन्सेलरचं काम करणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठत जातात. मुलं माझ्या खोलीत कॉलेजची चौकशी करायला येतात आणि जाताना पाण्याची बाटली विसरावी तसा एखादा किस्सा विसरून जातात. बाटल्या मी परत करते, किस्से ठेवून घेते. त्यातले निम्मे तरी सना मुकादमचे आहेत.

सना आमच्या शारजाच्या शाळेची गोलकीपर. सध्या अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या टीमकडून खेळते आणि तिथेच शिकते. तिला तिथवर पोचवायला आम्ही तिघं होतो: मी, शाळेचे इजिप्शियन कोच महमूद आणि सनाचे वडील इक्बालभाई. इक्बालभाई रत्नागिरीचे, दुबईच्या देरा भागात त्यांचं गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. महमूदना फुटबॉल कळायचा, मला अमेरिकन कॉलेजं कळायची, आणि इक्बालभाईंकडे गाडी होती.

* * *

पहिलाच प्रश्न उंचीचा निघाला. अमेरिकेत कॉलेज टीमचे कोच आपले खेळाडू स्वतः निवडतात. त्यांना खेळाडूनेच ईमेल लिहायचा असतो, त्यात मार्क, खेळाचा व्हिडिओ आणि उंची. सनाने लिहिलं, पाच फूट पाच इंच. गोलकीपरला ही उंची कमीच.

इक्बालभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, दोन इंच वाढवूया का? सगळेच वाढवत असतील."

"अब्बा, दे विल सी मी," सना म्हणाली.

"तोपर्यंत वाढशील तू. इन्शाल्ला."

सनाने आकडा बदलला नाही. पुढे एका कोचचं उत्तर आलं, की आम्ही उंच कीपर शोधतोय, शुभेच्छा. मला वाईट वाटलं. सना मात्र त्यांना थँक यू लिहायला बसली. मी म्हटलं, आता कशाला?

"बाकीच्यांनी रिप्लायच नाही केला, मिस. दिस कोच डिड."

* * *

व्हिडिओसाठी मॅच शूट करायचं काम इक्बालभाईंनी मागून घेतलं. नवा ट्रायपॉड आणला, टोपी घातली, आणि अख्खी मॅच घेतली. ती बघायला आम्ही माझ्या खोलीत जमलो. स्क्रीनवर फक्त सना. बॉल समोरच्या गोलपाशी, सगळ्या मुली तिकडे, आणि कॅमेऱ्यात सना मोजे वर ओढतेय.

"इक्बालभाई, बॉल कुठाय?" मी विचारलं.

"बॉल येतो ना अधूनमधून."

मी ते सगळं कापायला सांगणार होते. पण महमूदनी आवाज मोठा केला. सना एकसारखी बोलत होती. बॉल लांब असतानाही प्रत्येक डिफेंडरला हाक मारून जागा सांगत होती. एकीला अरबीत, दुसरीला हिंदीत, आणि उजवीकडच्या केरळच्या मुलीला चक्क मल्याळममध्ये.

"मल्याळम कधी शिकलीस?" वडिलांनी विचारलं.

"ओन्ली लेफ्ट, राइट अँड कम बॅक."

महमूद म्हणाले, "यल्ला, हा पार्ट नो कटिंग." नाही कापला.

* * *

कोच मुलाखत घेतात, म्हणून सराव हवा होता. मी दुबईला राहते, सनाची फुटबॉल ॲकॅडमीही तिकडेच, त्यामुळे इक्बालभाई मला लिफ्ट द्यायचे. शारजाहून दुबईला जाताना जो ट्रॅफिक लागतो, त्यात एक काय दहा मुलाखती होतात.

मी कोच व्हायचे. विचारायचे, "तुझा सगळ्यात मोठा वीकनेस कोणता?"

"लेफ्ट फूट," सना.

पुढून इक्बालभाई म्हणाले, "अगं, असं खरं खरं नाही सांगायचं. सांग, मी फार मेहनत करते."

पुढच्या आठवड्यापासून सना ॲकॅडमीत सगळ्यांच्या आधी उतरायची आणि भिंतीवर डाव्या पायाने बॉल मारत राहायची. इक्बालभाई गाडीतून उतरून तिला बॉल परत द्यायला उभे राहायचे. दुकानातल्या चकचकीत बुटांत.

* * *

आता ज्यावरून आमचं भांडण झालं तो किस्सा. उत्तरं येईनात, तेव्हा सनाने आम्हाला न विचारता आणखी एक व्हिडिओ बनवला. त्यात एकही सेव्ह नव्हता. नुसते तिच्यावर झालेले गोल, आणि प्रत्येक गोलवर तिचाच आवाज: इथे मी उशिरा पुढे आले. इथे माझी नजर चुकीच्या मुलीवर होती. हा गोल चांगलाच होता, मला परत मारला तरी जाईल.

मी म्हटलं, "सना, असं कोणी पाठवत नाही." महमूदसुद्धा म्हणाले, "हबीबती, तू गोलकीपर आहेस की समोरच्या टीमची वकील?" इक्बालभाईंना तर ते गोल परत बघवत नव्हते.

तिने पाठवला. एका लहानशा कॉलेजच्या कोचबाईंनी त्याच आठवड्यात कळवलं, मला या मुलीशी बोलायचंय. आणि बोलणं झाल्यावर मला वेगळा ईमेल केला: उंच कीपर मला मिळतील, पण स्वतःची चूक इतक्या शांतपणे सांगणारी कीपर मी अजून पाहिलेली नाही.

तो ईमेल मी महमूदना वाचून दाखवला. ते म्हणाले, "खलास. आपण दोघं रिटायर होऊया."

* * *

शेवटचा कॉल घरच्यांबरोबर होता. दुकान सोडून निघता येईना, म्हणून इक्बालभाईंनी आम्हाला संध्याकाळी देरालाच बोलावलं. दुकानामागच्या छोट्या ऑफिसात आम्ही लॅपटॉपसमोर बसलो. कोचबाईंनी होस्टेल दाखवलं, हलाल जेवणाचं सांगितलं, स्कॉलरशिप सांगितली. मग म्हणाल्या, वडिलांना काही विचारायचंय?

इक्बालभाईंनी शर्ट नीट केला आणि आपल्या दुकानातल्या इंग्लिशमध्ये विचारलं, "मॅडम, तिच्यावर गोल झाला, मॅच हरली, तर तिच्याशी कोण बोलणार?"

"मी बोलेन," कोचबाई म्हणाल्या. "लगेच."

"लगेच नको. थोडा वेळ तिला एकटं सोडा. ग्लोव्हज काढून परत घालेल, घालू द्या. पाणी द्या, पण काही विचारू नका. मग ती स्वतःच येईल."

सना खाली बघत होती. तिकडे कोचबाईंनी पेन घेतलं आणि ते लिहून ठेवलं.

मग त्यांनी विचारलं, "आणि जिंकली तर मी काय करायचं?"

इक्बालभाई म्हणाले, "तर मला फोन करा. ती घरी सांगत नाही."