ऐंशी किलोंवर अडकले तेव्हा

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी ऐंशी किलोंवर अडकले. खांद्यावर बार घेऊन खाली बसायचे आणि वर येताना अर्ध्या वाटेत पाय थांबायचे. मग मदतीला दोन्ही बाजूंना उभे असलेले छावणीतले जवान बार धरायचे, मी खालून निघायचे. आठवड्यामागून आठवडे हेच.

बाबा सैन्यात सुभेदार. जयपूरला बदली झाल्यावर आम्ही छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. एकदा गॅसचा भरलेला सिलिंडर मी जिन्यावरून एकटीने वर नेला, आणि ते छावणीच्या व्यायामशाळेत शिकवणाऱ्या हवालदारांनी पाहिलं. ते हरियाणाचे, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. मुलींचा पॉवरलिफ्टिंगचा संघ उभा करायचं त्यांच्या मनात होतं, पण मुलीच मिळत नव्हत्या. "साब, बिटिया को भेज दीजिए," असं ते बाबांना म्हणाले. बाबांनी मला विचारलं, मी हो म्हटलं. आई फक्त एवढंच म्हणाली, "पाठीला काही करून घेऊ नकोस म्हणजे झालं."

पहिले काही महिने फार सुखाचे गेले. दर आठवड्याला बारवर एखादी छोटी प्लेट वाढायची. अंगात इतकी ताकद असते हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. बापू बाजारातून चालताना मला माझे पाय वेगळे जाणवायचे, जमिनीवर पक्के टेकलेले.

म्हणून ऐंशीला अडकले तेव्हा मला राग आला, आणि तो मी स्वतःवरच काढला. पहाटे गच्चीवर जाऊन बैठका मारायला लागले. हे उस्तादांना सांगितलं नव्हतं. वाटायचं, आपण कमी पडतोय, तर जास्त करायला हवं. झालं उलटंच. पंचाहत्तरही निघेना. मे महिन्यात लूचे गरम वारे सुरू झाले होते. कॉलेजमधून परत येताना डोकं गरगरायचं.

एक दिवस उस्तादांनी बार रॅकवर ठेवायला लावला आणि मला बाकावर बसवलं.

"यहाँ के अलावा क्या-क्या करती हो?"

मी जरा ऐटीतच गच्चीवरच्या बैठका सांगितल्या. मग त्यांनी जेवणाचं विचारलं. सोमवार आणि गुरुवार उपास, हेही सांगितलं. ते उठून बारवरच्या प्लेटा स्वतःच उतरवू लागले. शेवटी उरले चाळीस.

"महीना भर इतना ही. छत बंद. और दोनों दिन खाना खाओगी."

त्या क्षणी मला रडूच आलं. त्याच आठवड्यात एक नवीन मुलगी आली होती, तिलाही चाळीसच दिले होते. जवान बघणार, ती मुलगी बघणार. वजन पेलत नाही तेव्हा निदान आपण झगडतोय असं तरी दिसतं. चाळीस किलो सहज उचलताना लपायला काहीच जागा नव्हती.

त्याहून अवघड होतं आईला सांगणं. उपास मी आईबरोबर मॅट्रिकपासून करत होते. त्या दोन दिवशी दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात खिचडीची ताटली घेऊन बसायचो. घरातले दुसरे कुणी त्यात नसायचे. मी सांगितलं तेव्हा ती शेंगदाणे सोलत होती.

"उस्ताद म्हणाले म्हणून, की तुलाच वाटतं?" तिने विचारलं.

"त्यांनी सांगितलं. पण मलाही वाटतं, आई. मला भूक लागते."

"मग आधी का नाही बोललीस?"

मी खाली बसून तिच्याबरोबर शेंगदाणे सोलायला लागले. पुढच्या सोमवारी तिने माझ्यासाठी भाकरी, पिठलं, वाटीभर दही असं ताट वाढलं. स्वतःसमोर फक्त दुधाचा पेला.

"तुझी खिचडी?"

"फराळ सोडला मी. तुझ्या वाटचा उपास त्यात आला. देवाला सांगून टाकलंय. जेव आता."

मी जेवले. ताट चाटूनपुसून साफ केलं. आपल्या ताकदीत कुणाचं काय काय जातं, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. तिला थांबवायला हवं होतं असं कधी वाटतं. पण थांबवलं असतं तर ते तिला आवडलं नसतं, हेही खरं.

महिनाभर चाळीस. नंतर पन्नास, साठ, तेही उस्तादांच्या मर्जीने. दुपारी मी झोपायला शिकले. पावसाळा सरता सरता उस्तादांनी मला न सांगता बारवर ऐंशी चढवले. मी खाली बसले आणि उठले. जवानांचे हात बारला लागलेच नाहीत. मी विचारलं, "किती होते?" उस्ताद हसले आणि म्हणाले, "गिन लो."

हिवाळ्यात राज्याच्या स्पर्धेत मी नव्वद उचलले. माझ्या गटात आम्ही मोजक्याच मुली होतो, मी दुसरी आले. आई प्रेक्षकांत होती. माझी वेळ आली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते, असं बाबांनी नंतर सांगितलं.

पुढल्या वर्षी मी शंभरावर अडकले. या वेळी मात्र मी उस्तादांच्या आधी बारकडे गेले आणि प्लेटा उतरवायला लागले.