न भिजवलेला बटाटा

किस्से साठतात कसे, मला नक्की सांगता येणार नाही. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या खणात साठतात तसेच बहुधा. फेकायचं राहून गेलं म्हणून. भांडुपच्या बागेतल्या आमच्या बाकावर तिघांचे मिळून सात आजार. सावंतची किडनी, कांबळेची शुगर, माझी अ‍ॅसिडिटी आणि इतर किरकोळ. मी बायोकेमिस्ट्रीतला पीएचडी, आयुष्यभर कॉलेजात शिकवलं. म्हणून काय खावं ते मला विचारायचं, आणि मी सांगायचं. चूक तिथेच सुरू होते!

बाकाचा एकच नियम: ज्याचं पथ्य सुटेल त्याने सगळ्यांना डबा आणायचा. इतक्या वर्षांत डबा काही आला नव्हता.

*

कांबळेला मी कारल्याचा रस सुचवला. बागेच्या गेटवरच मिळतो. दीड महिना रोज ग्लासभर. "झकास लागतो रे!" म्हणायचा. शुगर मात्र वाढली. मी घाबरून रसवाल्याला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "अंकल, खाली करेला कौन पिएगा? अ‍ॅपल डालता है ना!"

"तरीच!" कांबळे म्हणाला. "प्रोफेसर, तुझा सल्ला पहिल्यांदाच गोड लागला होता यार."

*

सावंतचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी वहिनींना बटाटा शिकवला. सालं काढा, बारीक चिरा, भरपूर पाण्यात भिजवा, ते पाणी ओता. नव्या पाण्यात उकळा, तेही ओता. बिघडलेल्या किडनीला पोटॅशियम झेपत नाही, ते असं कमी होतं.

दुसऱ्या दिवशी सावंत बाकावर येऊन मालवणीत कडाडला, "बटाट्याक एवढी आंघोळ घातलंस, त्यात उरला काय? माका एकदा न भिजवलेलो बटाटो खावचो आसा. मगे मेलंय तरी चलात!"

"असं बोलू नकोस रे."

"मग तू असा शिकवू नको!"

*

एकदा कांबळेच्या बीपीसाठी मी कमी सोडियमचं मीठ सांगितलं. घरी पोचलो आणि आठवलं. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि सावंत शेजारीच बसून ऐकत होता! रिक्षा केली, त्याचे तीन मजले चढलो, दारातच ओरडलो, "वहिनी, ते मीठ..."

वहिनींनी न फोडलेलं पाकीट पुढे केलं. "भावजी, तुम्ही सांगितलेलं मी दोन दिवस थांबून करते. दुसऱ्या दिवशी तुम्ही बदलता ना!"

*

माझी बायको सुधा डायबेटिक होती. पंचवीस वर्षं मी तिच्या ताटातलं गोड काढून घेतलं, दिवाळीतसुद्धा. शेवटी हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "आता त्यांना आवडेल ते द्या." मला वाटलं, बरी होतेय! खूश होऊन श्रीखंड आणायला पळालो. पीएचडी झालेला माणूस!

तिने अर्धा चमचा खाल्ला. "आज मोजत नाही तुम्ही?"

"नाही. आता तू बरी होणार!"

तिने उरलेला अर्धा चमचा माझ्यापुढे धरला. म्हणाली, "हो."

*

मध्यंतरी सावंत दोन आठवडे बाकावर आला नाही. मग एका सकाळी वहिनींचा हात धरून हळूहळू आला. वहिनींच्या दुसऱ्या हातात डबा.

"प्रोफेसर, पथ्य सुटला! डॉक्टर म्हणाले, काय हवं ते खा!"

"वा रे पठ्ठ्या!" कांबळेने टाळ्या वाजवल्या. मला टाळी वाजवता आली नाही. वहिनी कुणाकडेच न बघता डबा उघडत होत्या. मालवणी वडे आणि बटाट्याची पिवळी भाजी.

"न भिजवलेलो हां!" सावंतने एक फोड उचलली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ चघळली. मग भाजी घालून एक वडा त्याने माझ्या हातावर ठेवला. मी घास घेतला आणि बाहीने डोळे पुसले.

"रडतंस कित्याक रे?"

"तिखट आहे," मी म्हणालो.

"तुझ्या अ‍ॅसिडिटीपायी मिरची घालूच नको म्हणून मीच सांगितलं हिला," सावंत म्हणाला. "खा गप."