कपाटामागची जाळी

नळीवाले काका घरोघरी गरम-गार हवेच्या नळ्या साफ करत. त्या दिवशी एका घराच्या दाराशी भरलेली बॅग पाहून त्यांचा जीव चुकचुकला. ती आजींची होती. हवा सुरू झाली की आजींना खोकल्याची उबळ यायची. सफाईनेही गुण आला नाही, तर हे घर कायमचं सोडून त्या लेकीकडे जाणार होत्या.

काकांनी नेहमीप्रमाणे प्रत्येक जाळीवर कागद चिकटवला आणि धूळ ओढायचं यंत्र लावलं. सगळे कागद आत ओढले जाऊन ताठ बसले, आजींच्या खोलीतला मात्र ढिम्म हलेना.

काका आजींच्या सुनेला म्हणाले, “ताई, हे कपाट सरकवू या. मागे आणखी एक जाळी असणार, यंत्र तिथूनच हवा ओढतंय.”

“अहो, माझ्या लग्नाआधीपासून ते तिथेच आहे!” सून म्हणाली.

“मग मागची धूळ तुमची थोरली जाऊच की!”

जाळी निघालीच, आणि तिच्यामागच्या नळीच्या तळाशी गोधडीएवढा धुळीचा थर. काकांनी तो खरवडून काढला, हवा सुरू केली आणि जाळीवर आपला पांढरा रुमाल धरला. रुमाल पांढराच राहिला.

देवाचं नाव घेऊन आजींनी खोल श्वास घेतला. सगळ्यांचा चहा पिऊन झाला तरी खोकला आला नाही.

“सूनबाई,” आजी म्हणाल्या, “ती बॅग आत आण. माझी शाल आहे त्यात.”