प्राजक्ताची बैठक आणि जप्त केलेला फोन

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, तळेगाव ढमढेरे येथे माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात मी माझ्या मुलीचा फोन जप्त केला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. त्या वेळी त्या फोनवर इन्स्टाग्रामचं लाइव्ह चालू होतं. दुपारी एकला पाच मिनिटं कमी असताना ते बंद झालं. मधल्या सव्वादोन तासांत मी जे जे बोललो, ते ज्यांनी ऐकायला नको होतं त्या सर्वांनी ऐकलं. उरलेल्यांनीही ऐकलं.

पार्श्वभूमी अशी. मी शिरूरला बावीस वर्षं बातमीदार आहे. मुलगी सई अकरावीत आहे. फोनवरून आमच्या घरात भांडणं होत नाहीत, कारण आमच्याकडे लेखी नियमावली आहे. मसुदा मी केला, सईनं दुरुस्त्या सुचवल्या, बायकोनं साक्षीदार म्हणून सही केली. (वाचली नाही. सही केली.) या घटनेशी संबंधित कलमं तीन. कलम चार : घरच्या कार्यक्रमात मुलांच्या हातात फोन दिसल्यास जप्ती. कलम पाच : जप्तीच्या वेळी वाद घालू नये, प्रत्येक वाक्यामागे जप्ती एक दिवसानं वाढेल आणि दुसऱ्या नातेवाइकाकडून वशिला लावल्यास दंड दुप्पट. कलम सहा सईचं होतं : जप्त केलेल्या फोनचा पडदा पालकांनी बघू नये, बटण दाबू नये, फोन आहे त्या स्थितीत ठेवावा.

पोलीसही मुद्देमाल आहे त्या स्थितीतच ठेवतात. त्यामुळे कलम सहा मला फार आवडलं होतं. कागदावर मी तसा शेराही मारला होता!

त्या रविवारी माझी भाची प्राजक्ता हिच्या लग्नाची बैठक होती. प्राजक्ता रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. स्थळ राहूचं. मुलगा ओंकार, भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी चालवतो. बघणं झालं होतं, पसंती झाली होती; आता लग्न कुठं, कसं आणि पुढं काय, एवढं ठरायचं होतं. आमच्याकडे बैठकीत मुलीच्या बाजूनं मामा बोलतो. मामा मी.

राहूचे पाहुणे जीपमधून निघाल्याचा निरोप आला आणि मी स्वयंपाकघरात डोकावलो. सई शिऱ्याच्या पातेल्यावर फोन धरून उभी होती.

"कलम चार," मी हात पुढं केला.

"पप्पा, पण हे चालू..."

"एक दिवस."

"अहो, ऐका तरी, ते ला..."

"दोन."

"पप्पा, पडदा बघा ना एकदा! प्लीज!"

"कलम सहा. तूच घातलंयस. तीन."

पडदा चुकूनही दिसू नये म्हणून मी फोन छातीकडे तोंड करून खिशात ठेवला. फोन लांब, खिसा आखूड. मागचा कॅमेरा खिशाच्या वर राहिला. त्याला समोरचं सगळं दिसत होतं, हे नंतर अनेकांनी मला कळवलं.

मग मी बहीण मंगल, तिचे यजमान (आमचे दाजी) आणि प्राजक्ता यांना आतल्या खोलीत बोलावून बेत समजावला.

"नीट ऐका. पहिलं, प्राजक्ताला मुलगा किती पसंत आहे हे त्यांना कळता कामा नये. दुसरं, लग्न तळेगावातच, असा हट्ट धरायचा. ते नाही म्हणतील. आपण ताणायचं, ताणायचं, आणि मग नाइलाज झाल्यासारखं सोडून द्यायचं. त्याच्या बदल्यात हिची नोकरी चालू ठेवायचं कबूल करून घ्यायचं."

"म्हंजी लग्न राहूलाच?" दाजींनी विचारलं.

"राहूलाच. पण हे त्यांना माहीत नाही ना!"

(होतं. त्या क्षणापासून होतं.)

"आन् दादा, आप्पांचं काय?" मंगल म्हणाली. आप्पा म्हणजे ओंकारचे चुलते. "मागच्या बारीला निवडणुकीचं सांगत बसले दीड तास. पोह्यांचा पार दगड झाला."

"आप्पा म्हणजे थ्री-फेज मोटर," मी म्हणालो. "एकदा चालू झाली की लाइट जाईस्तोवर बंद होत नाही. त्यांनी तोंड उघडलं की लगेच चहा द्यायचा. चहानं नाही भागलं तर शिरा."

इथं थांबायला हरकत नव्हती. पण दाजी हसले, आणि मी आप्पांची नक्कल केली. खाकरण्यासकट. दाजी हसून हसून खाटेवर आडवे झाले, म्हणून मी ती पुन्हा केली.

"आणि मुलगा फोटोत उंच दिसतो. फोटो खालून काढलाय. आला की दाजी, त्याला दाराच्या चौकटीजवळ घटकाभर थांबवा. अंदाज येईल."

 प्राजक्ता म्हणाली, "मामा, एवढं कशाला? सरळ सांगा ना. मला ओंकार पसंत हाय. पण नोकरी सोड म्हणत असतील तर मला हे लग्न करायचं न्हाई. मग मला कितीबी रडू आलं तरी न्हाई."

"खुळी आहेस," मी म्हणालो. "बैठकीत असं सरळ कोणी बोलतं का?"

दारात सई उभी होती. माझ्याकडे बघत एक हात छातीवर ठेवून ती दुसऱ्या हातानं माझ्या छातीकडे बोट दाखवत होती. डोळ्यांत पाणी. पश्चात्ताप झालेला दिसत होता. मी मान हलवून तिला मनापासून माफ केलं. फोन दिला नाही.

"पप्पा, खिसा!"

"चार."

जीप सव्वाअकराला आली. ओंकार आधी उतरला, दारापर्यंत आला, चौकटीला टाचा टेकवून ताठ उभा राहिला आणि थांबला. दाजींनी त्याला थांबवलं नव्हतं!

"बघून घ्या, मामा," तो म्हणाला.

"काय?"

"काही न्हाई. घर छान हाय, म्हटलं."

मागून त्याची आई आणि आप्पा आले. ओंकारची बहीण स्नेहल फोनवर काहीतरी बघत, कानात वायर घालून, बाहेर ओट्यावरच बसली. तिला तसं बसलेलं पाहून मला आमच्या नियमावलीचा अभिमान वाटला.

आप्पा खुर्चीवर बसले आणि काहीच बोलले नाहीत. एक मिनिट गेलं. दोन गेली. मंगल चहाचा ट्रे धरून आतल्या दारात तयार उभी होती, पण आप्पा तोंडच उघडत नव्हते. शेवटी मीच म्हणालो, "काय आप्पा, काय म्हणतंय राहू?"

आप्पांनी वर बघितलं. "आज लाइट न्हाई."

त्यांच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

मंगल गोंधळून चहा घेऊन पुढं झाली. आप्पांनी हातानं थांबवलं. "ऱ्हाऊ द्या, ताई. म्या अजून तोंड उघडलं न्हाई."

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या हातातच राहिला. बावीस वर्षांत मी बरेच योगायोग पाहिले आहेत. दोन सलग असतील तर बातमी असते. मी सावध झालो आणि थेट मुद्द्यावर आलो. "लग्न तळेगावात व्हावं, असा आमचा हट्ट आहे."

"धरा की," ओंकारची आई शांतपणे म्हणाली. "किती वेळ धरायचाय? आमी बसतो तवर."

 कोणीतरी फोडलं होतं! मी दाजींना खूण केली आणि गोठ्यात नेलं.

"दाजी, खरं सांगा. तुम्ही बोललात?"

"म्या? पाव्हणं, तुमचा बेत मला अजून पाठ झाला न्हाई, फोडणार कसा?"

"मग त्यांनी नुसत्या अंदाजानं ओळखलं म्हणता? आप्पा एवढे हुशार असते तर निवडणुकीत पडले असते का?"

गाईनं माझ्याकडे पाहिलं. (गाय आणि खिसा यांच्यात हातभर अंतर होतं. ती लाइव्हवर फार स्पष्ट आली, असं सईच्या मैत्रिणींचं म्हणणं आहे.) सई गोठ्यापर्यंत धावत आली होती.

"पप्पा, तुम्ही बोलूच नका ना आता!"

"बापाला बोलू नका? पाच!"

आम्ही परत येऊन बसलो, तेव्हा स्नेहल आप्पांच्या कानाशी काहीतरी सांगून पुन्हा ओट्यावर जात होती. आप्पा पंख्याकडेच बघत होते. ते म्हणाले, "तेहेतीस मतांनी. जास्त न्हाई."

त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं!

 भाचीच्या आयुष्याचा प्रश्न होता आणि माझ्या मनातलं समोरच्या माणसाला वाचता येत होतं. तेवढ्यात आप्पा माझ्याकडे वळले आणि गोड आवाजात म्हणाले, "बातमीदार, ते लग्नाचं बघू. पोरांच्या मोबाइलचे तुमच्याकडं नियम हायेत म्हनं? सांगा की जरा. आमच्या स्नेहलला बी कळू द्या."

बैठक सावरायची ही संधी होती. मी उभा राहिलो. "आप्पा, साधी गोष्ट आहे," मी म्हणालो. "मूल फोनवर काय करतंय, हे पालकाला माहीत असलं पाहिजे. क्षणोक्षणी!"

ओट्यावर स्नेहलला हसू आवरेना. ती पोट धरून वाकली आणि तिच्या फोनची वायर निसटली.

"मूल फोनवर काय करतंय," ओट्यावरून मी म्हणालो, "हे पालकाला माहीत असलं पाहिजे. क्षणोक्षणी!"

 मी खोलीत उभा होतो. मी ओट्यावर नव्हतो. याबद्दल माझी खात्री होती.

"कोण आहे रे तिकडं?" मी ओरडलो.

काही सेकंद गेले. "कोण आहे रे तिकडं?" ओट्यावरून मीच मला विचारलं.

सई पुढं आली. "पप्पा, आता बोलू? दिवस वाढणार नाहीत ना?"

"बोल."

"लाइव्ह चालू आहे. शिरा करत होते तेव्हापासून. तुमच्या खिशात."

मी फोन बाहेर काढला. पडद्यावर आप्पांचे पाय होते, आणि खालून हसरे चेहरे भराभर वर चढत होते. बघणाऱ्यांत सईचा वर्ग होता, वर्गशिक्षिका होत्या आणि आमच्या कार्यालयातला एक उपसंपादक होता. त्यानं लिहिलं होतं : 'बातमी किती वाजता पाठवताय?'

"बंद कर हे! आत्ता!" मी फोन तिच्यापुढं धरला.

"जप्त फोनला मी हात कसा लावू? आधी जप्ती उठवली म्हणा. सगळ्यांसमोर."

मी म्हणालो. तेही प्रसारित झालं. मग ते बंद झालं.

आतल्या दारात मंगल पदर तोंडाला लावून उभी होती. "दादा, मोडलंस रे माझ्या लेकीचं लग्न," ती म्हणाली, आणि मला बसायला खुर्ची सापडेना. तिच्यामागे प्राजक्ता होती. ती रडत नव्हती. ती ओंकारकडे बघत होती.

"तू बी ऐकत होतास?"

"मी गाडी चालवत होतो," ओंकार म्हणाला. "ऐकत बी होतो."

आप्पा खाकरले. (हुबेहूब. नक्कल चांगली होती, हे तेव्हाही माझ्या मनात आलं.) "आमची स्नेहल सईचं समदं इन्स्टावर बघती. तिनं जीपमधी मोठ्यानं लावलं व्हतं. मोटर म्हनला तवाच म्या सांगितलं, गाडी माघारी घ्या. पुलावर व्हतो आमी. ओंकार वळवायला जागा बघत व्हता."

"आन् तेवढ्यात ही बोलली," ओंकारची आई म्हणाली. तिनं प्राजक्ताला हात धरून शेजारी बसवलं. "मी म्हनलं, गाडी वळवायची न्हाई. त्या घरात सरळ बोलनारं एक मानूस हाय, त्याला बघून येऊ. नोकरी कर तू, बाई. तुझी कंपनी लांब पडती, पर ओंकार पहाटंच उठतो नर्सरीला. तो सोडंल बसपतुर."

"सोडतो," ओंकार म्हणाला.

"आन् लग्न राहूला," आप्पा म्हणाले. "त्याच्यावर बोलायचं कारन न्हाई. ते तुमी सोडलेलंच हाय." मग त्यांनी मंगलकडे पाहिलं. "ताई, आता आना चहा. मी बोलनार हाय."

ते एक तास चाळीस मिनिटं बोलले. कोणीही उठलं नाही. माझ्याकडे बघण्याचं सगळ्यांनी टाळलं, फक्त दाजींनी शिऱ्याची वाटी माझ्यापुढं सरकवली.

लग्न मे महिन्यात राहूला झालं. प्राजक्ता अजून त्याच कंपनीत आहे. पत्रिका आप्पांनी स्वतः उभं राहून छापून घेतली. तिच्यात स्वागतोत्सुक, निमंत्रक, व्यवस्थापक आणि किलबिल धरून एकूण एकशे सात नावं होती. मामांच्या रकान्यात मी नव्हतो. पत्रिकेच्या तळाशी, छापखान्याच्या नावाच्या वर, ठळक अक्षरांत एक स्वतंत्र ओळ होती : 'थेट प्रक्षेपण – मुलीचे मामा, शिरूर.'