अहल्याकाकूंची कालवड

पाणीगेटला आमच्या शेजारी अहल्याकाकू राहत. नवरा रमाकांतराव सरकारी दप्तरात कारकून, मूलबाळ नाही, आणि मागच्या अंगणात गोमती नावाची गाय. काकूंच्या लग्नात त्यांच्या आईने डभोईहून एक गाय पाठवली होती, गोमती तिची नात. पुढे आई गेली, भाऊ प्लेगात गेला, डभोईचे घर दुसऱ्यांचे झाले. काकूंचे माहेर म्हणजे ही गाय, असे माझी आई म्हणायची, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

महाराजांच्या हीरकमहोत्सवाची तयारी शहरात चालली होती त्या वर्षी गोमती शेवटची गाभण राहिली. आता तिचे वय झाले होते. आधीची तिन्ही वेते गोऱ्ह्यांची, ते शेतकऱ्यांकडे गेले. या खेपेस कालवड झाली तरच डभोईच्या गाईचा वंश अंगणात राहणार होता. मी तेव्हा बारा वर्षांची. कॉन्व्हेंटातून आले की दप्तर फेकून आधी गोठ्यात जायची.

गाय वळूकडे नेली ती वसंतपंचमीला. काकूंनी तिथीने नऊ महिने नऊ दिवस मोजले. ते त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भरले, आणि गोमती शांतपणे रवंथ करत बसली. पौर्णिमेला दिवे लागले, विझले. पुढचा दिवस गेला, त्याच्या पुढचाही.

लाखाभाई रबारी चारा टाकायला यायचा. त्याने गाईच्या पोटावर हात फिरवला आणि मान हलवली. "दहाडा चड्या, बेन, एटले वाछडो ज."

दिवस वर गेले की गोऱ्हा, कालवड असली तर वेळेवर किंवा आधी येते, हे सगळ्या रबारी गुराख्यांचे मत.

"तुझ्या तोंडाला काही धरबंध?" काकू म्हणाल्या.

"हुं क्यां करुं छुं? ए तो गाय करे छे."

रमाकांतराव ओट्यावरून म्हणाले, "गोऱ्ह्याला नाव काय ठेवायचं, ते ठरवून ठेवा. या घरात पुरुषांचं पारडं जड होणार."

"तुम्ही एकटेच सहा पुरुषांना भारी आहात, पुरे." काकूंनी हसून म्हटले खरे, पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

षष्ठीला काकू आमच्या स्वयंपाकघरात रवा चाळत होत्या. माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न झालेले, त्यामुळे आईचे जावयावरून चालले होते. "मागल्या वर्षीच धोंड्याच्या महिन्यात तेहतीस अनारसे दिले. आता पुढच्या वर्षी म्हणे परत धोंडा. हा जादा महिना येतो तरी कुठून?"

"येतो कुठून म्हणजे? आपले तिथीचे महिने आखूड. दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे पडतात, ते साठले की..." काकूंचा हात थांबला. रवा परातीबाहेर सांडत होता. "अगं, मग नऊ महिन्यांत आठवडाभर तरी मागे पडले असतील."

आईला काही कळेना. मला कळले. काकू चाळणी हातात घेऊनच धावल्या, मी त्यांच्या मागे.

"अहो, वसंतपंचमीला इंग्रजी तारीख कोणती होती?"

रमाकांतरावांनी भिंतीवरचे कॅलेंडर उलटे चाळले, बोटांवर मोजले, मग चष्मा काढून पुन्हा मोजले. "तारखेने नऊ महिने नऊ दिवस उद्या भरतात," ते म्हणाले. "तुझी गाय उशिरा नाही. तू लवकर आहेस."

त्या दिवशी काकू दोनदा जेवल्या. दुसऱ्या दिवशी मी शाळेत काय शिकले देव जाणे. पण तोही दिवस कोरडा गेला, आणि त्याच्या पुढची सकाळही उजाडली.

"आता मात्र तारीखही उलटली," रमाकांतराव म्हणाले. "लाखाभाई जिंकला."

काकू गोठ्यात गेल्या आणि तिथूनच लाखाभाईला हाक मारली. गोमती ऊठबस करत होती. मला दारातच थांबवले, पण दारातून सगळे दिसत होते. आधी पुढचे दोन खूर, मग त्यांच्यावर टेकलेले नाक, मग एकदम सगळेच. लाखाभाईने वासराचे नाक पुसले, शेपटी उचलली आणि बराच वेळ पाहत राहिला.

"बोल की रे."

"वाछडी छे," तो जरा खट्टू होऊन म्हणाला.

पुढे माझ्या ओळखीच्या एका पशुवैद्याला मी हे विचारले. तो म्हणाला, रबाऱ्याचे म्हणणे अगदी खोटे नाही. गोऱ्हा सरासरीने एखाद-दोन दिवस जास्त राहतो, पण एका गाईत आणि दुसऱ्या गाईत याहून कितीतरी मोठा फरक असतो, त्यामुळे एकटीदुकटीवरून काही सांगता येत नाही. काकूंना मी ते सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मला उपाशी कशाला ठेवलं?"

पण त्या सकाळी त्या गवतात बसल्या होत्या, लुगड्याला सगळे लागलेले, आणि वासरू उभे राहायचे सोडून त्यांच्या मांडीवरच कलंडत होते. "अहो," त्या आतल्या आत हसत म्हणाल्या, "डभोईला पत्र टाका ना, कालवड झाली म्हणून."

डभोईला पत्र घेणारे कोणी नव्हते.

रमाकांतराव दारात माझ्याजवळ येऊन उभे होते. "पत्र कशाला?" ते म्हणाले. "डभोईचं माणूसच आलंय घरी. त्याला आधी उभं राहू दे."

पहिल्या चिकाचा खरवस काकूंनी लाखाभाईकडे पाठवला. तो घेऊन मीच गेले होते.