अक्कांच्या हातची गोळी

"डॉक्टर, करा की सुरू," मी म्हणाले. डोळे मिटून, पाय लांब करून मी तपासणीच्या टेबलावर पडले होते. काहीच सुरू होईना. डोळे उघडले तर त्यांच्या हातातला नायलॉनचा बारीक दोरा माझ्या तळव्यावर टेकून वाकलेला होता. "झालं, ताई," ते म्हणाले. "दोन्ही पायांना सगळीकडं लावून झाला." मला एकदाही कळलं नव्हतं.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, डायबेटिक पेरिफेरल न्यूरोपॅथी. म्हणजे साखरेमुळं पायांच्या नसा खराब होणं. कुणाचे तळवे जळतात, कुणाचे बधिर होतात, माझ्यासारख्या भाग्यवंतांना दोन्ही मिळतं. नाव ऐकून मी घाबरले नाही. कित्येक महिने मी गादीवरून चालल्यासारखी चालत होते, फरशी थोडी खाली सरकल्यासारखी वाटायची. ते खरंच होतं तर, एवढंच मनात आलं.

भीती घरी आल्यावर वाटली. मी शहागंजात ब्लाऊज शिवते. मशीन पायाची. पायडलवर पाय ठेवला आणि तो ठेवलाय की नाही हे बघायला खाली वाकावं लागलं. टाका कुठं पळवायचा, कुठं थांबवायचा, हे आधी पायाला समजावं लागतं. लोक म्हणायचे, मोटर बसवून घे. मोटरसुद्धा पायानंच दाबायची असते, हे सांगणाऱ्यांनी कधी शिवलेलं नसतं. शिवण सुटली तर माझ्याकडं दुसरं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही नकोही होतं.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना, अक्कांना, माझ्याआधीपासून साखर. त्यांचे तळवे नुसते जळायचे, मग त्या गार फरशीवर पाय टेकून बसायच्या. आमचा स्वयंपाक एकत्र, आणि घरातल्या सगळ्यांची औषधं काढायचं काम अक्कांचं. सकाळी चहाबरोबर त्या तळहातावर गोळी ठेवतात आणि आपण गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत. माझ्या गोळ्यांचं पाकीट कोणत्या रंगाचं, हे मला कधी ठाऊक नव्हतं.

आमचे डॉक्टर गल्लीतले, तापखोकल्याचे. पण त्या वर्षी त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक क्लिनिकल ट्रायल सुरू झाली. म्हणजे नवं औषध माणसांना खरंच उपयोगी पडतं का, याचा अभ्यास. डॉक्टरांनी आम्हा दोघींना विचारलं. अक्कांनी थेट तोफ डागली. "उंदरावानी वापरायलेत का आमाला?"

डॉक्टर रागावले नाहीत. "असंच विचारत जा," म्हणाले. काहींना खरं औषध मिळणार, काहींना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय, हे त्यांनाही कळणार नव्हतं. याला डबल ब्लाइंड म्हणतात. सगळं समजून घेऊन मग होकार देणं, याला इन्फॉर्म्ड कन्सेंट. मनात येईल त्या दिवशी सोडून जाता येतं. तुम्हाला कुणी असं विचारलं तर मनातला सगळ्यात वाईट प्रश्न आधी विचारा. आम्ही विचारला, म्हणूनच हो म्हणू शकलो.

मग दवाखान्याच्या दुपारी सुरू झाल्या. खिडकीला हिरवी काच होती. तिच्यातून ऊन आत यायचं आणि बाकावरची सगळी माणसं पाण्याखाली बसल्यासारखी दिसायची. बाहेर बाजाराचा कालवा, आत पंख्याची घरघर. माझे पाय समोर असायचे, पण कुणी दुसऱ्याचे आणून ठेवल्यासारखे. मी त्यांच्याकडं बघत पेंगायचे. आजारपणात इतकं शांत वाटू शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत अक्का बदलल्या. जळजळ उतरली, गच्चीवर फेऱ्या मारू लागल्या. माझं मात्र जैसे थे. मशीनवर बसून मी हातानं पाय उचलून पायडलवर ठेवायचे, आणि अक्का दारातून बघायच्या.

पुढं एका दुपारी मला पायडलची जाळी लागली. अंगठ्याखाली, अंधुक, खूप लांबून कुणी हाक मारावी तशी. मी मशीन थांबवली आणि रडले. अक्कांना सांगितलं तर त्या फक्त "व्हय का," म्हणाल्या आणि गार फरशीवर पाय टेकून बसल्या. त्या पुन्हा फरशीवर पाय टेकतायत, याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

पुढच्या भेटीत समीना आली. ट्रायलची सगळी देखरेख तीच करायची, तिला कोऑर्डिनेटर म्हणतात. तिनं विचारलं, "अक्का, गोळ्या बराबर घेतल्या ना?"

"घेतल्या की," अक्का म्हणाल्या. "दोघींच्या एका डब्यात वतल्या. घरात वाटे नसतेत आमच्यात."

समीनानं लिहिणं थांबवलं. ती उठून डॉक्टरांना घेऊन आली.

"मला गुण येत व्हता, हिला नाय," अक्का त्यांना समजावू लागल्या. "मंग माझीच खरी असणार. एकटीनं कशी खाऊ?"

डॉक्टर खुर्चीत बसले. "आणि अक्का, हिला चक्कर येऊन ही पडली असती, तर कोणत्या गोळीनं, हे मी कसं ओळखणार होतो?" अक्कांचा चेहरा उतरला. हा विचार त्यांना शिवलाच नव्हता. आमच्या दोघींच्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. तपासण्या मात्र चालू राहिल्या. "झालं ते झालं तसंच वर कळवायचं," डॉक्टर म्हणाले. "लपवलं तर अभ्यासच खोटा पडेल."

जाळी हळूहळू पुन्हा लांब गेली. मी पायडल सोडून हातानं काजं-बटणं आणि साड्यांचे फॉल घेऊ लागले. पायात चप्पल आहे का, पाणी कढत आहे का, हे डोळ्यांनी आणि हातानं बघायला शिकले. तुम्हीही शिका, पायांवर विसंबू नका.

अभ्यास संपल्यावर कुणाला काय होतं ते उघड झालं. अक्कांची गोळी खरी, माझी नुसती दिसायला. "दोघींवरून काही सिद्ध होत नाही, ताई," डॉक्टरांनी बजावलं. होत नसेल. मला इतकंच कळलं की मी रडले त्या दुपारी अक्कांचे तळवे जळत होते, आणि त्यांनी ते ठरवून जळू दिले होते. इतकं माझ्यासाठी कुणी केलेलं नाही.

आता तिथं दुसऱ्या औषधाचा अभ्यास सुरू होतोय. एका घरातून एकच जण. अक्का म्हणाल्या, "हिला घ्या, हिची मशीन बंद हाय."

"अक्कांना घ्या," मी म्हणाले आणि हटले नाही. त्या वयानं मोठ्या, पण हट्टात मी मोठी निघाले.

डॉक्टरांनी अक्कांना सगळं पुन्हा समजावलं. शेवटी म्हणाले, "या वेळी गोळी कुणाला द्यायची नाही. शब्द द्या."

अक्का खिडकीकडं बघत राहिल्या. त्यांना खोटं बोलता येत नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

मग मीच म्हणाले, "डॉक्टर, त्यांनी दिली तरी मी घेणार नाही."